कंट्रोल आणि खुला बाजार : भंडारा जिल्ह्यातील इंधनव्यवहाराचा इतिहास

भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत स्वस्त धान्याच्या दुकानास ‘कंट्रोल’ असे म्हणतात. ‘कंट्रोल उघडले काय?’, ‘कंट्रोलचा तांदूळ आणला’ अशी वाक्ये उच्चारणाऱ्याच्या मनात शासकीय नियंत्रणाची कल्पना असतेच असे नाही. त्याच्या लेखी हे गावातील एका जागेचे नाव होय; जसे देऊळ, जशी शाळा, तसे कंट्रोल. एखाद्या आर्थिक धोरणाचे नाव दुकानास चिकटावे आणि धोरण पालटल्यावरही ते सुटू नये, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. परंतु या शब्दाच्या बाबतीत एक विशेष आहे. युद्धकाळात ज्या वस्तूंच्या टंचाईने हा शब्द खेड्यापर्यंत पोहोचवला त्यांपैकी एक, म्हणजे दिव्याचे आणि स्टोव्हचे तेल, या दुकानांच्या व्यवहारातून गेल्या काही वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले आहे. शब्द मात्र जागच्या जागी आहे.

खनिज तेलाच्या बाजारावरील नियंत्रण भारतात कसे उठले याचा इतिहास सामान्यतः दिल्लीतील तारखांनी सांगितला जातो. १ एप्रिल २००२, २५ जून २०१० आणि १८ ऑक्टोबर २०१४ या त्या तारखा होत. त्या खऱ्या आहेत, आणि त्यांवाचून या इतिहासाची मांडणी करता येणार नाही. तथापि धानाच्या, तलावांच्या आणि जंगलाच्या या जिल्ह्यातून पाहू लागले म्हणजे चित्र काहीसे निराळे दिसते. पेट्रोल, डिझेल, मातीचे तेल आणि गॅस यांना मोकळीक एकाच वेळी मिळाली नाही. ज्या अर्थाने पेट्रोल मोकळे झाले त्या अर्थाने मातीचे तेल कधीच मोकळे झाले नाही. लोकांच्या जीवनावर जो परिणाम झाला तो कोणा एका तेलाच्या भावापेक्षा या निरनिराळ्या भावांमध्ये पडलेल्या अंतरामुळे अधिक झाला. शिवाय नियंत्रणाच्या काळात भाववाढीबद्दल जाब विचारण्यास एक ठिकाण होते. नियंत्रणमुक्तीनंतर ते ठिकाण कोठे गेले, हा प्रश्न किमतीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

मातीचे तेल हा येथील शब्द आहे, म्हणून प्रथम त्याविषयी. एकाच द्रवास मराठीत तीन नावे आहेत. ‘घासलेट’ हे नाव इंग्रजी ‘गॅसलाइट’ या शब्दावरून आले असे सामान्यतः मानले जाते. मुंबई आणि कोकण हे त्याचे मुख्य क्षेत्र. ‘रॉकेल’ म्हणजे ‘रॉक ऑइल’; छापील मराठीने हे नाव विशेष उचलले. ही दोन्ही नावे बंदरात उतरलेल्या मालाबरोबर आली आणि इंग्रजी ध्वनींना मराठी वळण देऊन तयार झाली. पूर्व विदर्भात रूढ असलेले ‘मातीचे तेल’ मात्र ध्वनीवरून बनलेले नाही. हिंदीतील ‘मिट्टी का तेल’ याचे ते शब्दशः मराठी रूप आहे. याचे कारण राजकीय भूगोलात सापडते. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत प्रथम मध्य प्रांतात व पुढे मध्य प्रदेशात होता. त्या वर्षी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याचा कारभार, त्याची बाजारपेठ आणि त्याची रेल्वे ही नागपूर, बालाघाट, रायपूर यांच्याशी जोडलेली होती. दुकानास ‘कंट्रोल’ म्हणण्याची पद्धतही मध्य प्रदेशातील हिंदी भाषकांत आढळते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीचा सातत्याने अभ्यास केला तिच्या शब्दसंग्रहात या जुन्या शेजाराच्या खुणा पावलोपावली दिसतात. इंधनाचे शब्द त्यांतलेच आहेत.

मातीचे तेल येण्यापूर्वी या भागात दिव्यासाठी जवस, एरंडी, करंज आणि मोहाच्या बिया यांचे तेल वापरीत. चुलीसाठी लाकूड, काड्या आणि शेणाच्या गोवऱ्या असत. चुलीच्या इंधनाचा व्यवहार बाजारात होत नसे, परंतु तो मोकाटही नव्हता. मध्य प्रांतातील मालगुजारी व्यवस्थेत गावाच्या जंगलातून घरगुती गरजेपुरते सरपण, गवत, बांबू व शेतीच्या अवजारांचे लाकूड घेण्याचा रयतेचा हक्क ‘निस्तार’ या नावाने ओळखला जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, आणि १९५१ पासून गावचे जंगल व गावचा तलाव ही दोन्ही शासनाकडे गेली. तलावांना ‘माजी मालगुजारी’ हे विशेषण लागले व त्याचा संक्षेप होऊन ‘मामा तलाव’ हे आजचे नाव झाले. निस्तार मात्र निस्तारपत्रकात नोंदला गेला. सारांश, कोणी किती इंधन घ्यावे हे ठरवणारी व्यवस्था या जिल्ह्यात पेट्रोलच्या टाकीबरोबर आलेली नाही. निस्तार हे इंधनावरील नियंत्रणाचे जुने रूप होते, आणि ते हक्काच्या भाषेत मांडलेले होते, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकानंतर नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग या जिल्ह्यातून गेला. पुढे तो बेंगाल नागपूर रेल्वेच्या ताब्यात आला. भंडारा शहरास स्थानक लाभले नाही. ते वरठीस झाले आणि त्याला ‘भंडारा रोड’ हे नाव मिळाले. तांदळाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या तुमसरलाही असेच ‘तुमसर रोड’ मिळाले. या मार्गाने तांदूळ बाहेर गेला, मँगनीज बाहेर गेले, आणि आत जे आले त्यात चार गॅलनांचे तेलाचे डबे होते. तेल अमेरिकन, रशियन आणि पुढे मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशाचे असे. डबा रिकामा झाला की त्याला दांडी लावून पाण्यासाठी, धान्य ठेवण्यासाठी, छपरावर ठोकण्यासाठी त्याचा उपयोग होई. तेल संपल्यावरही त्याचे पात्र घरात राहते, हे या वस्तूच्या लोकप्रियतेचे एक दुर्लक्षित कारण असावे.

याच सुमारास भारत स्वतः तेल काढू लागला होता. आसामातील दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना निघाला. तरीही देशाची मुख्य भिस्त बाहेरच्या तेलावर, विशेषतः ब्रह्मदेशावर राहिली. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, त्यामुळे ते तेल ‘बाहेरचे’ आहे ही जाणीव फारशी नव्हती. ती १९४२ मध्ये एकदम झाली. मार्चमध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी येनानजाउंगच्या विहिरी नष्ट केल्या. पेट्रोलचे रेशनिंग १९४१ मध्येच सुरू झाले होते आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या होत्या. खेड्यात मोटारी नव्हत्या, तेथे टंचाई दिव्यापर्यंत आली. ‘कंट्रोल’, ‘परमिट’, ‘कोटा’, ‘कार्ड’, ‘ब्लॅक’ हे शब्द याच पाचसहा वर्षांत सर्वदूर पसरले. या शब्दांचा एक संच आहे, आणि त्यात ‘कंट्रोल’ व ‘ब्लॅक’ हे जुळे आहेत: एकाचा जन्म दुसऱ्यावाचून समजत नाही.

नियंत्रण उठवण्याचा पहिला प्रयोगही जुना आहे. १९४७ च्या अखेरीस, मुख्यतः महात्मा गांधींच्या आग्रहामुळे, धान्य व साखर यांवरील नियंत्रणे सैल करण्यात आली. भाव चढले, आणि १९४८ पासून ती पुन्हा लावावी लागली. त्याच १९४८ मध्ये तेलाच्या किमतीविषयी शासन व बर्मा-शेल कंपनी यांच्यात हिशेबाची एक पद्धत ठरली. आयात मालाची किंमत धरावयाची, तीवर सागरी भाडे, विमा, जकात, खर्च आणि कंपनीचा मोबदला चढवावयाचा, व येणारी बेरीज म्हणजे भाव. दिग्बोईचे तेलसुद्धा समुद्रापलीकडून आले असे समजून त्याचा भाव लागे. या कल्पित प्रवासावर पुढील दहापंधरा वर्षे बराच वाद झाला. दामले समिती (१९६१), तालुकदार समिती (१९६५) आणि शांतिलाल शहा समिती (१९६९) यांनी हे सूत्र क्रमाने तपासले व त्यातील कंपन्यांचे लाभ कमी केले. दरम्यान १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग आणि १९५९ मध्ये इंडियन ऑइल या सार्वजनिक संस्था निघाल्या. गुजरातेत खंबायत व अंकलेश्वर येथे तेल लागले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे जागतिक भाव सुमारे चौपट झाले. १९७४ ते १९७७ या काळात एस्सो, बर्मा-शेल व कॅलटेक्स यांचे भारतातील व्यवसाय शासनाने घेतले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल सापडले आणि मे १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग देशातच निघत होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील विहिरींचा त्यात मोठा वाटा होता.

याच काळात ‘प्रशासित किंमत पद्धती’ स्थिर झाली. तेल काढणाऱ्यास, शुद्ध करणाऱ्यास व विकणाऱ्यास त्याचा खर्च आणि ठरीव परतावा मिळे. भाव शासन ठरवी. आणि एका इंधनावरील जादा वसुलीतून दुसऱ्याची तूट भरली जाई. मोटारवाल्याचे पेट्रोल महाग, गरिबाचे मातीचे तेल स्वस्त, शेतकऱ्याचे व वाहतुकीचे डिझेल मधोमध, अशी ती रचना होती. समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांना वाहतुकीचा सारा भार सोसावा लागू नये म्हणून भाड्याचेही समायोजन होई. बंदरापासून सुमारे नऊशे किलोमीटरवर असलेल्या भंडाऱ्यास या रचनेचा लाभ होता हे मान्य केले पाहिजे.

परंतु तिचा दोषही याच लाभाच्या पोटात होता. २५ जून २०१० च्या वाढीनंतर दिल्लीत डिझेल लिटरमागे सुमारे ४० रुपये होते, तर कार्डावरील मातीचे तेल सुमारे १२ रुपये. दोन्ही द्रव इंजिनात जळतात. मातीच्या तेलात निळा रंग मिसळला म्हणजे ते ओळखता येईल ही उपाययोजना कागदावर निर्दोष होती. पण अठ्ठावीस रुपयांच्या अंतरास निळ्या रंगाची भीती वाटत नाही. कार्डधारकाच्या डब्यात पडावयाचे तेल टँकरमध्येच दुसरीकडे वळे. या व्यवहाराचे स्वरूप किती भीषण होऊ शकते हे २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्रास कळले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. नियंत्रणाच्या गुणगानात हा प्रसंग गाळता येत नाही. नियंत्रणमुक्तीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम आधार अर्थशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा याच अंतरात होता.

तरी नियंत्रणाचा एक परिणाम आकड्यांत येत नाही. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली स्त्रिया थाळ्या व लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, साखर, खाद्य तेल यांबरोबर रॉकेल ही त्यांची मागणी होती. लाटण्याचा मोर्चा निघू शकला, कारण तो कोठे न्यावयाचा हे ठाऊक होते. भाव मंत्रालयात ठरतो, कोटा जिल्हाधिकारी कचेरीत ठरतो, माप दुकानात मारले जाते, ही साखळी निरक्षर बाईसही पाठ होती. भंडारा, तुमसर, साकोलीच्या तहसील कचेऱ्यांपुढे ‘कोटा वाढवा’ ही मागणी करता येत होती, ती याच साखळीच्या जोरावर.

ही साखळी तुटण्यास १९९० नंतर आरंभ झाला. १९९३ मध्ये मातीचे तेल व गॅस यांच्या समांतर खाजगी विक्रीस परवानगी मिळाली. १९९७ मध्ये प्रशासित पद्धती टप्प्याटप्प्याने मोडण्याचे ठरले. १ एप्रिल २००२ रोजी ती संपल्याचे जाहीर झाले. खाजगी कंपन्यांचे पंप महामार्गांवर उभे राहिले. पण २००४ नंतर कच्चे तेल महागू लागताच शासनाने भाव पुन्हा हाती धरले. सार्वजनिक कंपन्या तोट्यात विकू लागल्या, आणि ज्यांना ती तूट कोणी भरून देत नव्हते त्या खाजगी पंपांपैकी पुष्कळ २००८ पर्यंत बंद पडले. २००६ मध्ये रंगराजन समितीच्या शिफारशीवरून पेट्रोल-डिझेलच्या कारखानादरासाठी नवे सूत्र आले: ८० टक्के भार आयातीच्या तुल्य किमतीस, २० टक्के निर्यातीच्या. १९४८ चा कल्पित प्रवास येथे नव्या नावाने परत आला. ‘बॉम्बे हाय’चे तेल मुंबईत शुद्ध होऊन भंडाऱ्यास आले तरी त्याचा भाव परदेशी बाजारावरच बेतलेला राहिला. तेल उत्पादन करणाऱ्या देशात राहण्याचा ग्राहकास भावात काही लाभ मिळावा की नाही, हा प्रश्न या सूत्राने निकालात काढला. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशास दुसरे काही परवडले असते काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर २५ जून २०१० रोजी पेट्रोल मोकळे झाले. खेड्यातील त्याचा परिणाम मोटारसायकलीपुरता होता. डिझेलची गोष्ट वेगळी. जानेवारी २०१३ पासून त्याचा किरकोळ भाव दरमहा चाळीस-पन्नास पैशांनी वाढू लागला आणि घाऊक ग्राहकांना ताबडतोब बाजारभाव लागू झाला. राज्य परिवहन महामंडळे घाऊक ग्राहक असल्याने त्यांना खाजगी मालमोटारीपेक्षा महाग डिझेल घेण्याची पाळी आली, एस.टी.च्या गाड्या रस्त्यावरच्या पंपावर उभ्या राहिलेल्या त्या काळात दिसल्या, त्याचे कारण हे होते. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी डिझेल पूर्ण मोकळे करण्याचा निर्णय झाला. मुहूर्त चतुराईने साधला होता. कच्चे तेल उतरत होते, त्यामुळे दिल्लीत डिझेल लिटरमागे ३ रुपये ३७ पैशांनी स्वस्त होऊन ५५ रुपये ६० पैसे झाले. ज्या धोरणाने पुढे भाव वाढावयाचे होते त्याचे पहिले दर्शन भाव उतरण्याने घडले. मग विरोध कोण करणार? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात अबकारी कर नऊ वेळा वाढवण्यात आला, आणि मार्च व मे २०२० मध्ये, साथीच्या काळात कच्चे तेल कोसळले असता, तो पुन्हा वाढला. बाजार वर गेला तर ग्राहक वर जातो आणि बाजार खाली आला तर कर वर येतो, असा या मोकळिकीचा प्रत्यक्ष अनुभव आहे.

भंडाऱ्याच्या शेतीत डिझेलचे स्थान गेल्या दोन पिढ्यांत पालटले आहे. पूर्वी बांधीत चिखलणी बैल किंवा हेले करीत. आता ट्रॅक्टर करतो. मळणी यंत्र करते. वीज रात्रीच मिळते किंवा मिळत नाही, तेव्हा नाल्यावरचे इंजिन पाणी उपसते. ट्रॅक्टर बहुतेकांच्या मालकीचा नसून तासाच्या भाड्याने येतो, आणि भाड्याचा दर डिझेलबरोबर जितक्या तत्परतेने चढतो तितक्या तत्परतेने उतरत नाही. पाऊस दोन दिवस लांबला म्हणून रोवणी दोन दिवस लांबवता येते. डिझेल चढले म्हणून ती लांबवता येत नाही. पऱ्हे वाट पाहत नाहीत.

येथे एक हिशेब उद्बोधक ठरेल. २०१४-१५ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला १,३६० रुपये होती. त्या ऑक्टोबरमधील दिल्लीच्या भावाने एका क्विंटल धानात सुमारे साडेचोवीस लिटर डिझेल येत असे. २०२१-२२ मध्ये धान १,९४० रुपये झाले. पण ६ एप्रिल २०२२ रोजी दिल्लीत डिझेल ९६ रुपये ६७ पैसे होते, म्हणजे क्विंटलभर धानात जेमतेम वीस लिटर. २०२४-२५ मध्ये धान २,३०० रुपये व डिझेल ८७ रुपये ६२ पैसे, तेव्हा हेच प्रमाण सव्वीस लिटरांवर गेले. या आकड्यांवरून डिझेलच्या मोकळिकीने धानकरी बुडाला असे सिद्ध होत नाही, आणि तो तरला असेही होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की तो दोन निरनिराळ्या व्यवस्थांत उभा आहे. विकतो ते नियंत्रित भावाने, वर्षातून एकदा जाहीर होणाऱ्या. घेतो ते खुल्या बाजारात, जेथे १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहा वाजता पालटू शकतो. या दोहोंतील फरक भरून काढण्याचे साधन म्हणून धानावरील राज्य शासनाचा बोनस पुढे आला. भंडारा-गोंदिया पट्ट्यात मोर्चा, निवेदन, निवडणुकीचे भाषण या सर्वांच्या केंद्रस्थानी आज धानाचा बोनस असतो. डिझेलच्या भावाबद्दल कोणाकडे जावे हे कळेनासे झाले. बोनसबद्दल मात्र कोणाकडे जावयाचे हे पक्के ठाऊक आहे. तक्रार नाहीशी झाली नाही, तिने फक्त घर बदलले.

मोकळा बाजार कितपत मोकळा होता याची साक्ष याच मतदारसंघाच्या दिनदर्शिकेत आहे. २४ एप्रिल २०१८ पासून कर्नाटकाच्या विधानसभा निवडणुकीचे मतदान होईपर्यंत एकोणीस दिवस पेट्रोल-डिझेलचे भाव हलले नाहीत. १४ मेपासून ते सलग सोळा दिवस चढले. या चढणीतच, २८ मे रोजी, भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान झाले. पोटनिवडणुकीसाठी बाजार थांबत नाही, असे तेव्हाच्या मतदारास वाटले असल्यास त्यास दोष देता येणार नाही. पुढे ६ एप्रिल २०२२ नंतर सार्वजनिक कंपन्यांनी आपले दर जवळजवळ दोन वर्षे स्थिर ठेवले, आणि लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या सुमारास, मार्च २०२४ मध्ये, लिटरमागे दोन रुपये उतरवले. कायद्याच्या शब्दांत या काळात डिझेल नियंत्रणमुक्तच होते.

मातीच्या तेलास यांतील कोणतीही तारीख लागू पडत नाही. ते मोकळे करण्यात आले नाही, वजा करण्यात आले. जुलै २०१६ पासून त्याचा भाव थोड्या थोड्या पैशांनी ठरावीक मुदतीने वाढवण्यात आला. मुंबईत लिटरमागे सुमारे १५ रुपयांपासून निघालेला तो भाव २०२० च्या आरंभापर्यंत बाजारभावास पोहोचला व अनुदान संपले. दुसरीकडून राज्यांचा कोटा घटत गेला आणि गॅसजोडणी असलेल्या कुटुंबांचे तेल बंद झाले. भेसळीचे मूळ अशा रीतीने उपटले गेले, हे या धोरणाचे निर्विवाद यश आहे. विजेचे जाळे पसरल्याने दिव्यासाठीही तेलाची गरज उरली नव्हती. प्रश्न चुलीचा होता.

त्याचे उत्तर म्हणून गॅस आला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे जोडण्या दिल्या. स्त्रीच्या नावावर घरात काही आले ही गोष्ट लहान नाही. पण जोडणी एकदा मिळते, टाकी पुनःपुन्हा भरावी लागते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार डिसेंबर २०१८ अखेर उज्ज्वलाच्या ग्राहकांनी वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या भरल्या होत्या; पाच माणसांच्या घराचा वर्षाचा स्वयंपाक तेवढ्यात होत नाही. मे २०२० पासून सामान्य ग्राहकाचे अनुदान प्रत्यक्षात थांबले. दिल्लीत नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांस मिळणारी टाकी मार्च २०२३ मध्ये १,१०३ रुपयांस गेली. मे २०२२ पासून उज्ज्वलाच्या ग्राहकांना टाकीमागे २०० व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये मिळू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये आणि मार्च २०२४ मध्ये भावही उतरवण्यात आला. मधल्या काळात चूल विझली नव्हती. मातीचे तेल हा गॅस व लाकूड यांमधला पायरीदगड होता. पाच लिटरही घेता येत, अर्धा लिटरही घेता येई. तो काढून घेतल्यावर टाकीचे हजार रुपये एकदम न जमलेल्या घरास लाकडावाचून दुसरे इंधन उरले नाही.

आणि लाकूड जेथून आणावयाचे ते जंगल त्याच वर्षांत पूर्वीचे राहिले नव्हते. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, २०१३ मध्ये कोका अभयारण्य, त्याच वर्षाच्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अशा घोषणा झाल्या. वाघांच्या रक्षणासाठी त्या आवश्यक होत्या याविषयी येथे वाद नाही. जंगललगतच्या गावांना सवलतीत गॅस देण्याची तरतूदही शासनाने केली. तरी डिझेल आणि रॉकेल बाजाराकडे चालले असता, ज्या इंधनास बाजार नव्हता त्याच्या वाटा अरुंद झाल्या, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. तेलाच्या नियंत्रणमुक्तीवर जे अहवाल निघाले त्यांत लाकूड नाही, आणि जंगलाविषयीच्या अहवालांत तेल नाही. पहाटे सरपणास निघणारी बाई या दोन्ही कागदांच्या मधून जाते. तिला निस्तार हा शब्द अजून ठाऊक असतो, क्वचित तो ती वनरक्षकाशी बोलताना उच्चारतेही.

शेवटी मापांविषयी. मातीचे तेल लिटरने मिळे. कार्डावर लिटर लिहिलेले असत, दुकानदार पत्र्याच्या मापाने ते मोजी, आणि भांडण होई ते माप अपुरे भरल्याचे. पंपावर आजचा ग्राहक लिटर मागत नाही. ‘शंभरचे टाक’, ‘दोनशेचे टाक’ असे तो म्हणतो, कारण त्या दिवशीचा भाव त्याला ठाऊक नसतो आणि ठाऊक असण्याचे कारणही उरलेले नाही. पूर्वी रक्कम व माप दोन्ही ठरलेली असत. आता रक्कम तो ठरवतो आणि माप त्या सकाळचा भाव ठरवतो. गॅस टाकीने येतो, तिचे अर्धे मागता येत नाही. सरपण मोळीने येते, आणि मोळी डोक्यावर पेलेल एवढी असते.